सर्व्हे नंबरामागचा माणूस : विंगेट, इंदापूर आणि साऱ्याचा हिशोब

प्रश्न असा आहे : "आमची शेती इंदापूर तालुक्यात. आजोबांच्या ट्रंकेत मोडीतलं जुनं टिपण आणि एक चौकटी-चौकटींचा कागद सापडला. चौकटींत आकडे आहेत, ठिपके आहेत, तिरप्या रेघा आहेत. गावातले म्हातारे म्हणतात, ही विंगेट साहेबाची मोजणी. हा विंगेट कोण? त्याने शेतकऱ्याचं भलं केलं, की जमिनी सावकाराच्या घशात घातल्या?"

भूकरमापक म्हणजे सरकारी जमीन मोजणारा म्हणून नोकरीला लागलो आणि निमतानदार म्हणजे मोजणी तपासणारा वरिष्ठ म्हणून निवृत्त झालो. टिपण (शेताच्या मोजमापांचा कच्चा आराखडा), गुणाकार बुक (क्षेत्राचा हिशोब), प्रतबुक (जमिनीच्या प्रतीची नोंद), आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याचा तक्ता) या कागदांवरच माझं आयुष्य गेलं. त्यामुळे उत्तर लांबेल, आणि एका शब्दात "भलं" किंवा "वाटोळं" असं सांगता येणार नाही. पण या ब्रिटिश मोजणी अधिकाऱ्याबद्दल माझ्या मनात आदर आहे, हे आधीच सांगतो. का आहे, तेही पुढे येईल.

सुरुवात विंगेटच्या आधीपासून करावी लागेल.

1818 मध्ये पेशवाई गेली आणि कंपनी सरकारच्या हाती आपला मुलूख आला. जमिनीचा सारा ठरवायचा कसा, हा त्यांच्यापुढचा पहिला मोठा पेच होता. आपल्याकडे मोजणी नव्हती असं नाही. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा बिघा, ही मापं गावोगाव चालत होती. पण एका गावचा बिघा शेजारच्या गावच्या बिघ्याला जुळेलच असं नव्हतं. खराब जमिनीचा बिघा मोठा धरायचा, चांगल्या जमिनीचा लहान, म्हणजे सारा सारखाच बसतो, अशीही रीत होती. त्यात मिरासदार (वंशपरंपरेने जमीन कसणारा) कोण, उपरी (बाहेरून येऊन कसणारा) कोण, कोणाला किती सूट, कोणाची जमीन पडीक दाखवलेली, हे सगळं कुलकर्ण्याच्या दप्तरात आणि त्याहून जास्त त्याच्या डोक्यात. कमाल आकार, म्हणजे पूर्ण सारा, कागदावर होता, पण प्रत्यक्ष वसूल दरवर्षी घासाघीस करून ठरायचा. नव्या राज्यकर्त्याला यातलं काहीच दिसत नव्हतं.

तेव्हा पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाचा तरुण अधिकारी पुढे आला. इंग्लंडात अर्थशास्त्र शिकून आलेला. त्याने ठरवलं की शास्त्राने जाऊ. प्रत्येक प्रतीच्या जमिनीत पीक किती येतं, ते काढायला खर्च किती येतो, खर्च वजा जाता निव्वळ उत्पन्न किती उरतं, हे काढायचं आणि त्या निव्वळ उत्पन्नातले शेकडा 55 सरकारने घ्यायचे. 1827-28 च्या सुमारास काम सुरू झालं आणि 1830 मध्ये नवा आकार लागू झाला.

कागदावर हे फार सुबक दिसतं. पण शेतावर गेलेला माणूस विचारेल, निव्वळ उत्पन्न कोणी मोजलं? पीक किती आलं, मजुरीला किती गेलं, बैलाचा खर्च किती, बी किती, हे हजारो शेतांसाठी ठरवणारे होते खालचे कारकून. त्यांना विचारायला वर कोणी नव्हतं. जिथे पैसा मिळाला तिथे भारी जमीन हलकी झाली, नाही मिळाला तिथे हलकी भारी झाली. आणि मुळातच दर चढे होते. त्यात पावसाने दगा दिला, धान्याचे भाव पडले. मग वसुलीसाठी जे झालं ते पुढे सरकारनेच आपल्या मुंबई इलाख्याच्या 1872-73 च्या अहवालात लिहून ठेवलं आहे : कायदेशीर-बेकायदेशीर सगळे उपाय वापरले गेले, काही ठिकाणी रयतेचा अंगावर काटा येईल असा छळ झाला आणि माणसं घरं सोडून शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेली. सुपीक काळी जमीनसुद्धा पडीक पडली. इंदापूर हा या सगळ्यातला सर्वात वाईट कोपरा.

याच इंदापुरात 1835 मध्ये दोन तरुण आले. एक हेन्री गोल्डस्मिड, मुलकी नोकरीतला. जन्म 1812 चा, म्हणजे वय तेवीस. दुसरा लेफ्टनंट जॉर्ज विंगेट, मुंबईच्या इंजिनिअर दलातला. एकाला महसूल कळत होता, दुसऱ्याला मोजणी. सोबत नॅश नावाचा आणखी एक लेफ्टनंट होता. नवा आकार 1836 पासून लागू झाला, तीस वर्षांसाठी. पुढे मुंबई इलाखाभर जी सर्व्हे पद्धत पसरली, तिचं मूळ इथे आहे. तुमच्या तालुक्यात. हे तुमच्या शाळेत कोणी सांगितलं नसेल, म्हणून जोर देऊन सांगतो.

आता त्यांनी वेगळं काय केलं?

सगळ्यात आधी त्यांनी निव्वळ उत्पन्न काढायचा नाद सोडला. हे म्हणायला सोपं आहे. पण प्रिंगलचा सिद्धांत बाजूला ठेवायचा होता, आणि हे दोघे वयाने आणि हुद्द्याने लहान. त्यांनी प्रश्नच उलटा धरला. एका शेतापासून वर चढत जायच्या ऐवजी त्यांनी आधी गावांचे गट पाडले : हवामान एक, बाजारपेठ सारख्या अंतरावर, शेतीची रीत सारखी. मग त्या गटाचा मागच्या वर्षांचा इतिहास मांडला. कोणत्या साली किती आकार होता, किती वसूल झाला, किती जमीन पिकाखाली होती, भाव काय होते. ज्या साली आकार चढला त्या साली लागवड घटली का? ज्या साली सूट दिली तेव्हा लोक परत आले का? यावरून त्या गटाला किती भार झेपेल याचा अंदाज धरायचा, तोही हात आखडून, आणि मग ती रक्कम शेताशेतांवर जमिनीच्या प्रतीप्रमाणे वाटायची.

म्हणजे एकूण किती, हे अनुभवावरून; आणि कोणाला किती, हे मोजणी आणि प्रतबंदीवरून, म्हणजे जमिनीची प्रत ठरवण्यावरून. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या, यात त्यांची खरी अक्कल दिसते. प्रतबंदी कारकुनाने एखाद्या शेतात चूक केली तरी चूक त्या शेतापुरती राहते, सगळा तालुका बुडत नाही.

गंमत अशी की प्रिंगलची मोजणी तपासल्यावर ती बऱ्याच अंशी वापरण्याजोगी निघाली आणि इंदापुरात ती पुष्कळशी ठेवली गेली. फेकून दिली ती प्रतबंदी आणि दर. म्हणून तुमच्या टिपणाचा कागद विंगेटच्या हाताखालचाच असेल असं मी छातीठोक म्हणणार नाही. नंतरच्या फेरमोजणीचा असू शकतो. पण तो चौकटींचा कागद ज्या पद्धतीचा आहे ती पद्धत नक्की गोल्डस्मिड-विंगेटांची. त्या कागदाकडे आता नीट बघू, कारण तुमच्या हातात जे आहे ते हजारात एखाद्याच्या घरी उरलेलं असतं.

तो प्रतीचा कागद आहे. शेताचा कच्चा आकार काढून त्याच्या साधारण सारख्या चौकटी पाडल्या आहेत. प्रत्येक चौकटीत माणसाने जाऊन पहारेने खणलं आहे. खाली मुरूम किंवा खडक लागेपर्यंत माती किती खोल, ते हातात मोजलं आहे. हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट. पाऊण, एक, सव्वा, दीड, पावणेदोन असे पाव-पाव हाताचे टप्पे. मातीचे तीन प्रकार धरलेले : बारीक पोताची काळी ते गडद तपकिरी ही पहिली, जरा जाड पोताची, बहुधा तांबूस ही दुसरी, आणि भरड, खडेमिश्रित, भुरकट ही तिसरी. एकूण नऊ प्रती. पहिली प्रत सोळा आण्यांची, नववी दोन आण्यांची.

उदाहरण घेऊ. पहिल्या प्रकारची काळी माती पावणेदोन हात खोल असेल तर सोळा आणे. दीड हात असेल तर चौदा. सव्वा हात असेल तर बारा. आता याच सव्वा हाताच्या चौकटीत चुनखडीचे खडे मिसळलेले निघाले, तर एक प्रत खाली : दहा आणे. तुमच्या कागदावर जे दोन ठिपके आहेत ते चुनखडीचे. तिरपी रेघ म्हणजे उतार. फुली म्हणजे माती धरून राहत नाही, भुसभुशीत. गोल म्हणजे पाझराचं पाणी वर येतं. याशिवाय वाळू मिसळलेली, पाणी न मुरणारी, ओढ्याच्या पुरात धुऊन जाणारी, असे एकूण सात दोष धरले होते आणि प्रत्येक दोषाला एक प्रत खाली. सगळ्या चौकटींची सरासरी काढली की शेताचे आणे ठरले. त्या गटाचा सर्वात वरचा दर एकरी एक रुपया आहे असं समजा. मग सरासरी दहा आण्यांच्या शेताला एकरी दहा आणे सारा. झालं. शेतकऱ्यालाही पडताळता येईल असा हिशोब.

ही पद्धत मी माझ्या हाताखालच्या नव्या मुलांना शिकवताना नेहमी शेतात नेऊन शिकवली. एकदा एका मुलाने विचारलं, "सर, दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाने खणलेली खोली आज कशी जुळेल?" मी त्याला पहार दिली आणि कागदावर जिथे पाऊण हात लिहिलं होतं तिथे खणायला लावलं. साधारण फुटावर ठण् असा आवाज आला. मुरूम. त्याने पुन्हा बाजूच्या चौकटीत खणलं, तिथे पहार आत जात राहिली. तो कागद उलटसुलट करून पाहत राहिला. वरची माती वाहून जाते, नांगरटीने सरकते, तळ्याचा गाळ घातलेल्या जमिनीचा पोत बदलतो. पण खालचा खडक जिथल्या तिथे असतो.

टिपणाबद्दलही थोडं. टिपण हा नकाशा नव्हे. त्याला स्केल नसतं. त्यात शेताच्या आतून एक मुख्य रेघ मारलेली असते, तिच्यावर काटकोनात डावी-उजवीकडे लंब काढलेले असतात, आणि प्रत्येकाची लांबी साखळी-आण्यांत लिहिलेली असते. साखळी 33 फुटांची. तिचे सोळा आणे, म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंच. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, 33 गुणिले 33, 1089 चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आज हेक्टर-आर आले तरी बाजारात भाव गुंठ्याचा सांगतात, तो याच साखळीमुळे. शेताचे त्रिकोण आणि समलंब पाडून गुणाकार केले की क्षेत्र निघालं. ते गुणाकार बुकात.

नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली होती, ती सांगतो. एका हद्दकायम, म्हणजे हद्द ठरवायच्या, मोजणीत मी गावनकाशावरून बांधाची जागा दाखवली आणि टिपण उघडलंच नाही. दोन सख्ख्या चुलत भावांचा वाद होता. एकाचा साडेतीन गुंठ्यांचा पट्टा दुसऱ्याकडे गेला. माझ्यावरचे निमतानदार तपासणीला आले, त्यांनी टिपणावरचे लंब घेत घेत एका बाभळीच्या बुडाशी आणलं आणि खणायला सांगितलं. मूळच्या हद्दीचा दगड बाभळीच्या मुळ्यांनी धरून ठेवला होता. त्या धाकट्या भावाने दगडाला हात लावून नमस्कार केला. मी त्या रात्री झोपलो नाही. त्यानंतर टिपण पाहिल्याशिवाय मी साखळी जमिनीवर टाकली नाही.

सर्व्हे नंबर ही कल्पनाही याच काळात पक्की झाली. एका बैलजोडीला जेवढी जमीन नांगरता येईल त्या हिशोबाने एकेक नंबर पाडायचा. हलक्या कोरडवाहूचा नंबर मोठा, भारी काळीचा लहान, भातखाचराचा त्याहून लहान. प्रत्येक नंबराला स्वतंत्र आकार, हद्दीला बांध आणि दगड. मिरासदार-उपरी हा भेद साऱ्यापुरता संपला. ज्याच्या नावावर नंबर, तो आकार भरेल तोवर जमीन त्याची, वारसाला जाईल, विकता येईल. आणि झेपत नसेल तर राजीनामा देऊन एखादा नंबर सोडून देता येईल. तीस वर्षं दर हलणार नाही. त्या तीस वर्षांत विहीर पाडली, ताल (बांध) घातली, जमीन सुधारली, तर त्याचा जादा सारा नाही.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. दर उतरले, मुदतीची खात्री आली, तशी पळालेली कुळं परतली आणि पडीक जमिनी लागवडीला आल्या. 1840 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेटांनी मिळून अहवाल लिहिला. पद्धत दक्षिणेला धारवाड-बेळगावकडे, उत्तरेला नगर-नाशिककडे पसरली. दक्षिण मराठा मुलखाचं काम विंगेटकडे आलं. 1847 मध्ये गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या तिघांनी मिळून जो संयुक्त अहवाल लिहिला, तो पुढे शंभर वर्षं या खात्याची पोथी होता. 1865 चा मुंबई सर्व्हे अ‍ॅक्ट, 1879 चा जमीन महसूल कायदा, आणि आपला 1966 चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, या सगळ्यांच्या खाली तोच पाया आहे. 1947 च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर पुष्कळ गावांत सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, तरी गटाच्या पोटात जुना नंबर असतोच. जुना वाद निघाला की आम्हाला तिथपर्यंत मागे जावंच लागतं.

सगळीकडे स्वागत झालं असं मात्र नाही. 1852 च्या अखेरीस खानदेशात मोजणी सुरू झाली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल भागांत लोक हजारोंनी जमले आणि मोजणी नको म्हणाले. मोजणी म्हणजे सारावाढ ही भीती. सावद्याला सर्व्हेच्या छावणीवर जमाव चालून गेला, एरंडोलला मामलेदाराला त्रास झाला, शेवटी कलेक्टर मॅन्सफिल्डने फौज आणून पुढारी पकडले. मला त्या लोकांचा राग येत नाही. शेतात मोजणीची साखळी टाकणारा माणूस सरकारचा असतो, आणि त्याआधीच्या सरकारी मोजणीने इंदापुरात काय केलं होतं ते खानदेशच्या कानावर गेलं असणारच.

आता तुमच्या प्रश्नाचा अवघड भाग. सावकार.

सारा कमी झाला म्हणजे शेतकऱ्याच्या हाती काही उरू लागलं. जमिनीत उरतंय म्हणजे जमिनीला किंमत आली. पूर्वी जी जमीन फुकट घ्यायला कोणी येत नव्हतं, ती आता गहाण ठेवता येत होती. नंबर स्वतंत्र, हद्द ठरलेली, मालक एक, आकार ठरलेला. कर्ज देणाऱ्याला याहून चांगलं तारण कुठे मिळणार? जमीन विकण्याजोगी व्हावी, तिला भाव यावा, हे तर विंगेट आणि गोल्डस्मिडांना स्वतःलाच हवं होतं. त्यांना वाटत होतं की शेतकऱ्याची पत वाढेल, तो विहीर काढेल, बैल घेईल. पत वाढली, पण तिला दिवाणी कोर्ट येऊन मिळालं. पूर्वी सावकाराचं येणं गावाच्या दबावाने, पाटलाच्या मध्यस्थीने, कुळ जगेल इतकं ठेवून वसूल होत असे. आता तो कर्जखत घेऊन कोर्टात जाई, शेतकरी तारखेला जातच नसे, एकतर्फी हुकूमनामा होई आणि बेलीफ दारात येई. मोजणीने जमीन नीट दाखवली आणि कोर्टाने ती नीट उचलून दिली.

तेव्हा तुमच्या गावातले म्हातारे म्हणतात त्यात तथ्य आहे. पण ही गोष्ट सर्वात आधी, सर्वात स्पष्ट कोणी सांगितली? विंगेटने.

1852 मध्येच. कॅप्टन विंगेटने सरकारला एक पत्र लिहिलं. निमित्त होतं कर्जदारांनी केलेल्या दोन सावकारांच्या खुनांचं, एक इलाख्याच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. त्याचं म्हणणं असं की हे एखाद-दुसऱ्या जुलमी सावकाराचं प्रकरण समजू नका. सावकार आणि शेतकरी यांचं सर्वसाधारण नातंच असं झालं आहे आणि या खुनांत ते उघडं पडलं. आपल्या कायद्याने कर्जवसुली इतकी सोपी केली की कर्ज देण्याचा सुळसुळाट झाला. अगदी गरिबाला थोड्या मुदतीचं, भयंकर व्याजाचं कर्ज देणारे नवे सावकार उगवले. असंच चाललं तर समाजाची बहुतेक मालमत्ता मूठभर पैसेवाल्यांच्या हाती जाईल आणि बाकीचे कंगाल होतील.

हे लिहिणारा माणूस कोण होता हे लक्षात घ्या. ज्या पद्धतीने जमिनीला भाव आला त्या पद्धतीचा कर्ता. त्याचं नाव, बढती, कीर्ती सगळं या मोजणीवर उभं होतं. वरिष्ठांना "सर्व ठीक आहे" असं लिहिणं त्याला सहज जमलं असतं. मी माझ्या नोकरीत असे अहवाल लिहिणारे पुष्कळ पाहिले. त्याने लिहिलं की आपल्या राज्यात काहीतरी मोठं बिघडतं आहे. सरकारने ते पत्र ठेवून दिलं.

तेवीस वर्षं गेली. मधल्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, 1861 ते 65. तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, सगळ्याच धान्याचे भाव चढले, आणि चढत्या भावात कर्जंही चढली. नेमकी त्याच वेळी इंदापूरची तीस वर्षांची मुदत संपली. 1867 मध्ये फेरआकारणी झाली, ती त्या चढ्या भावांकडे पाहून, आणि सारा पुष्कळ वाढवला गेला. मग इतर तालुकेही त्याच वाटेने. विंगेटचा यात हात नव्हता. मागच्या वर्षांचा इतिहास पाहून हात आखडता घ्यायचा हा त्याचा नियमच इथे मोडला, असं माझं स्पष्ट मत आहे. युद्ध संपलं, भाव कोसळले, सारा मात्र चढलेलाच राहिला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने आवाज उठवला. 12 मे 1875 रोजी सुपे गावात लोकांनी सावकारांची दुकानं-घरं फोडली आणि कागद जाळले. कर्जखतं, हुकूमनामे, हिशोबाच्या वह्या. तिथून पुणे-नगर जिल्ह्यांत लोण पसरलं. सुपे तुमच्यापासून किती लांब आहे ते तुम्हाला माहीत आहे.

दंग्यांच्या चौकशीसाठी जे कमिशन बसलं, त्याने आपल्या अहवालात विंगेटचं 1852 चं पत्र उतरवून घेतलं. 1879 मध्ये दख्खन शेतकरी कायदा झाला, ज्यात कोर्टाला कर्जाच्या मुळाशी जाऊन हिशोब तपासायला सांगितलं. 1852 मध्येच ऐकलं असतं तर, हा विचार मनात येतोच.

विंगेटच्या आयुष्यातली आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे, आणि माझ्या मते त्याला नुसता मोजणी अधिकारी न म्हणता सार्वजनिक कार्यातला माणूस म्हणावं ते हिच्यामुळे. 1857 चा उठाव झाला, तो मोडायचा खर्च हिंदुस्थानच्या खात्यावर टाकला गेला, कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं. 1859 मध्ये विंगेटने लंडनमध्ये एक पुस्तिका छापली, इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्या पैशाच्या व्यवहारावर. मुद्दा साधा होता, मोजणीदाराच्या डोक्यातला होता. ज्या देशात कर गोळा केला त्याच देशात तो खर्च झाला तर तो पैसा पगारातून, मालाच्या खरेदीतून पुन्हा लोकांकडे येतो. एका देशात गोळा करून दुसऱ्या देशात खर्च केला तर तो त्या देशापुरता समुद्रात बुडवल्यासारखाच. हिंदुस्थानातून इंग्लंडला जाणारा पैसा ही खंडणी आहे आणि ती अन्यायाची आहे, असं त्याने आपल्याच लोकांना सांगितलं.

दादाभाई नवरोजींनी पुढे संपत्तीच्या निःसारणाचा जो सिद्धांत मांडला, त्यात ते साक्षीदार म्हणून सर जॉर्ज विंगेटला पुन्हा पुन्हा उभं करतात. रमेशचंद्र दत्तांनीही त्याचे शब्द घेतले. म्हणजे इंदापूरच्या काळ्या रानात पावणेदोन हात खोलीचे आणे मोजणारा माणूस आपल्या स्वातंत्र्याच्या चळवळीच्या अर्थशास्त्रात जाऊन बसला आहे. मला ते आश्चर्याचं वाटत नाही. गावाच्या आकाराचा इतिहास मांडून "किती झेपेल" हा प्रश्न ज्याने वर्षानुवर्षं विचारला, तो तोच प्रश्न सगळ्या देशासाठी विचारणार.

गोल्डस्मिडच्या वाट्याला हे काही आलं नाही. तो 1855 मध्ये कैरोमध्ये वारला, वय बेचाळीस. त्याच्या स्मरणार्थ वर्गणी काढून डिकसळला एक धर्मशाळेसारखं विश्रामगृह बांधलं गेलं आणि 1865 मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. ठिकाण मुद्दाम निवडलं होतं, मोजणी जिथे सुरू झाली त्याच्या जवळचं. आता त्या बाजूला उजनीचं पाणी आलं आहे आणि आम्ही ज्यांची टिपणं वाचत वाढलो असे कितीतरी सर्व्हे नंबर त्या पाण्याखाली गेले.

तर भलं की वाटोळं? विंगेटने जमीन वाचवली नाही, जमिनीचा भार हलका केला. त्या हलक्या भारामुळे जी किंमत आली ती कोणाच्या हाती जाईल, हे त्याच्या हातात नव्हतं. ते कोर्टाच्या आणि महसुलाच्या वरच्या लोकांच्या हातात होतं, आणि त्यांना त्याने वेळेवर लिहून कळवलं. परक्या राज्याचा तो नोकर होता, सारा वसूल व्हावा म्हणूनच त्याची नेमणूक होती, हे मी विसरत नाही. तरीही ज्या खात्याचा भाकरतुकडा मी खाल्ला, त्या खात्यात शेतकऱ्याच्या बाजूने आकडा खाली ठेवायची जी थोडीफार रीत होती, ती त्याची आणि गोल्डस्मिडची देणगी आहे.

शेवटी तुमच्या कागदाचं. त्याला लॅमिनेशन करू नका, कागद मरतो. बिनआम्लाच्या पाकिटात सपाट ठेवा आणि चांगल्या उजेडात फोटो काढून घ्या. मोडी वाचणारा माणूस गाठा, कारण टिपणाच्या कडेला शेजाऱ्यांची नावं आणि झाडांच्या, विहिरीच्या नोंदी असतात आणि त्या आकड्यांइतक्याच कामाच्या असतात. मग तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जुना सर्व्हे नंबर सांगून टिपण, गुणाकार बुक आणि आकारबंदाच्या नकला मागा आणि घरच्या कागदाशी ताडून पाहा. आणि पावसाळा संपला, रान वाफशावर आलं की पहार घेऊन जा. कागदावर जी चौकट तुमच्या विहिरीच्या सगळ्यात जवळ आहे तिच्यापासून सुरुवात करा. किती हातांवर मुरूम लागतो ते मला कळवा.